परतीचे भाडे

सुट्टीचे दिवस कितीही लांबले तरी त्यांच्या शेवटी परतीचा प्रवास असतोच. जाताना मनुष्य आपणांस काय पाहावयास मिळेल याचा विचार करतो. परतताना आपण कोठे चाललो आहोत याचा. पहिल्या प्रवासाची वर्णने पुष्कळ लिहिली जातात, दुसऱ्याची फारशी कोणी लिहीत नाही. ज्यांचे पूर्वज एकदा जहाजातून या किनाऱ्यावर उतरले आणि पुन्हा कधीच माघारी गेले नाहीत, अशा मॉरिशसमधील मराठी कुटुंबांत तर 'परत जाणे' या दोन शब्दांना निराळेच वजन आहे. अशाच एका कुटुंबातील माता व पुत्र यांच्या परतीच्या प्रवासाची ही हकीकत आहे.

मॉरिशसमधील शाळा नोव्हेंबरात बंद होतात आणि जानेवारीत पुन्हा उघडतात. २०१० सालच्या या मोठ्या सुट्टीत एका शाळेतील मराठी शिक्षक आपल्या आईला घेऊन रॉड्रिग्ज बेटावर गेला. शिक्षक पंचेचाळिशीचा, आई बाहत्तर वर्षांची. तिने सारे आयुष्य उसाच्या मळ्यात काढले होते. पहाटे चारला उठावे, भाकरी बांधून घ्यावी, दव सुकण्याआधी उसाच्या सरीत उभे राहावे, हा तिचा चाळीस वर्षांचा क्रम. १९६० सालच्या फेब्रुवारीत 'कॅरोल' नावाच्या वादळाने घराचे छप्पर उडाले, ती रात्र तिने कडेवरच्या पोराला घेऊन शेजारच्या दगडी भिंतीआड काढली. परंतु त्या रात्रीसुद्धा तिने बेट सोडून कोठे जावे असे कधी मनात आणले नव्हते. रॉड्रिग्जला निघाली तेव्हा तिच्या पायांखालून मॉरिशसची भूमी प्रथमच सुटत होती.

यालाही कारण होते. तिच्या आजीचा घरात एक नियम असे. "आपल्या माणसाने पुन्हा पाण्यावर पाय ठेवू नये," असे आजी म्हणे. का, ते ती सांगत नसे. पण घरातील कोणी मासेमारीच्या नावेतही बसले नाही. जाताना विमान होते म्हणून हा नियम मोडला नाही. दीड तासाच्या त्या प्रवासात आईने डोळे मिटून घेतले होते, आणि उतरल्यावर, "पाणी बघितलं नाही मी," असे ती मोठ्या समाधानाने म्हणाली होती.

रॉड्रिग्ज हे मॉरिशसच्या पूर्वेस सुमारे ५६० किलोमीटरवर असलेले बेट. विस्तार १०८ चौरस किलोमीटर. सर्वांत उंच टेकडी चारशे मीटरपेक्षा थोडी कमी. राज्य मॉरिशसचेच, परंतु २००२ पासून बेटाचा अंतर्गत कारभार तेथील स्वतंत्र प्रादेशिक सभा पाहते. येथे ऊस नाही. डोंगरउतारांवर दगडी बांध घालून मका, घेवडा, कांदा, लिंबे आणि तिखटजाळ मिरच्या पिकवितात, गुरे-शेळ्या पाळतात, ओहोटीच्या वेळी स्त्रिया हातांत लोखंडी सळई घेऊन उथळ पाण्यात उतरतात व खडकांतील माकूळवर्गीय प्राणी, ज्यांना तिकडे 'उरीत' म्हणतात, ते पकडून काठ्यांवर वाळत घालतात. पाण्याचे दुर्भिक्ष नित्याचे. आईला हे सारे ओळखीचे वाटले. कष्टाने पोट भरणाऱ्या माणसांचे गाव कोठेही असले तरी त्याची सकाळ सारखीच असते.

बेट लहान, पण इतिहासाने त्याला पुष्कळदा हाक मारली आहे. १६९१ ते १६९३ या काळात फ्रान्स्वा लेगा नावाचा फ्रेंच गृहस्थ आपल्या थोड्या सोबत्यांसह येथे राहिला, आणि आज नामशेष झालेल्या 'सॉलिटेअर' पक्ष्याचे वर्णन त्याने लिहून ठेवले. १८०९ साली इंग्रजांनी हे बेट हाती घेतले. त्या फौजेत मुंबई इलाख्याच्या देशी पलटणीचे शिपाईही होते. म्हणजे करारबद्ध मजुरांचे पहिले जहाज पोर्ट लुईला लागण्यापूर्वी पाव शतक, पश्चिम हिंदुस्थानातून पाठविलेली पलटण या टेकड्यांवर पहारा करीत होती. आणि १८८३ च्या ऑगस्टात, सुमारे पावणेपाच हजार किलोमीटर दूर असलेल्या क्राकाटोआ ज्वालामुखीच्या स्फोटाचा आवाज येथे तोफांच्या गडगडाटासारखा ऐकू आला. तो समुद्रावरून येथवर पोहोचण्यास सुमारे चार तास लागले. शिक्षकाने हे आईला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "लांबचा आवाज उशिरा येतो. पण येतो."

तिच्या या उद्गारामागे एक कागद होता. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत करारबद्ध मजुरांच्या नोंदी जपून ठेवल्या आहेत. तेथून शिक्षकाने आपल्या खापरपणजोबांच्या नोंदीचा उतारा मिळविला होता. नाते आईच्या माहेरचे. तिचे ते पणजोबा. त्या उताऱ्यात मजुराचा क्रमांक होता, त्याचे व त्याच्या बापाचे नाव होते, वय होते, उंची होती, जहाज होते. मुंबईहून निघाल्याचे आणि १८५८ साली पोर्ट लुईस पोहोचल्याचे लिहिले होते. १८५८ व १८५९ ही तर या स्थलांतराच्या महापुराची वर्षे. जिल्ह्याच्या रकान्यात रत्नागिरी हे स्पष्ट वाचता येत होते. परंतु गावाच्या रकान्यात कोणा कारकुनाने कानांनी ऐकून इंग्रजी अक्षरांत जे लिहिले, ते तीन निरनिराळ्या प्रकारे वाचता येत होते आणि त्यांपैकी कोणते खरे ते ठरविण्यास मार्ग नव्हता. आईने तो कागद चौघडी करून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला होता आणि ती पिशवी ती सतत जवळ बाळगीत असे. गाव लागत नाही याचे तिला मोठे दुःख होते. "नाव आहे, बाप आहे, उंचीसुद्धा आहे, फक्त घर नाही," असे ती म्हणे.

रॉड्रिग्जमध्ये ज्या घरी ही दोघे उतरली होती त्या घरची मालकीण आईच्याच वयाची होती. दोघी बोलत त्या क्रेओल भाषेत. मालकीण ओसरीवर बसून व्हाकोआच्या पानांच्या टोपल्या विणी. हा व्हाकोआ म्हणजे केवड्याच्याच कुळातील झाड. आईने पान हुंगून पाहिले, वास नाही म्हणून हसली, आणि आठ दिवसांत स्वतःही विणू लागली. एके दुपारी तिने तो कागद मालकिणीला दाखविला व गाव लागत नसल्याची तक्रार सांगितली. मालकिणीने कागद उलटसुलट पाहिला, आदराने घडी घालून परत दिला आणि ती म्हणाली की, तिच्या पूर्वजांच्या नावे असा कागदच नाही. ते आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आले की मादागास्करमधून, कोणत्या जहाजातून, कोणत्या वर्षी, काहीच ठाऊक नाही. मॉरिशसमध्ये गुलामगिरी १ फेब्रुवारी १८३५ रोजी रद्द झाली. तोवर त्यांची मोजदाद मालमत्तेत होत असे, आणि त्यांच्या मूळ गावाचे नाव लिहून ठेवावे असे कोणाला वाटले नव्हते.

त्या दिवसापासून आईने गावाची तक्रार केली नाही. तीन प्रकारे वाचता येणारे नाव हे नसलेल्या नावाहून पुष्कळ अधिक असते, हे तिच्या ध्यानी आले असावे. आणखी तीन दिवसांनी ती मुलाला म्हणाली, "परत जाताना आपण बोटीनं जाऊ."

शिक्षक चकित झाला. आजीच्या नियमाची त्याने आठवण करून दिली. आई म्हणाली, "आजीनं मला कागद दाखवला नव्हता. आता मी बघितलाय. ते ज्या वाटेनं आले ती वाट मला एकदा बघायचीय."

त्या काळी 'मॉरिशस प्राइड' आणि 'मॉरिशस ट्रोशेशिया' ही दोन जहाजे पोर्ट मॅथुरिन आणि पोर्ट लुई यांच्या दरम्यान उतारू व माल यांची ने-आण करीत. त्यांपैकी एका जहाजाने जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सायंकाळी, ही दोघे निघाली. दोन रात्री आणि मधला एक दिवस असा तो प्रवास. धक्क्यावर सारे पोर्ट मॅथुरिन लोटले होते. नोकरीसाठी निघालेले तरुण, शिक्षणासाठी निघालेल्या मुली, त्यांना निरोप देणाऱ्या आया. कांद्यांची पोती, लिंबांच्या टोपल्या, वाळविलेल्या उरीतच्या जुड्या. मालकीण मिरच्यांच्या लोणच्याची बाटली घेऊन आली होती. तिने ती आईच्या हाती दिली, दोघींनी एकमेकींचे गाल स्पर्शिले, आणि जहाजाचा भोंगा झाला.

परतीच्या या वाटेवर आग्नेय दिशेचे वारे जहाजाच्या पाठीशी असतात. लाटा मागून येतात आणि जहाज पुढे ढकलतात. आईला पहिल्या रात्री मळमळले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती डेकवर येऊन बाकावर बसली आणि दिवसभर तेथून हलली नाही. चोहोंकडे पाणीच पाणी. दुपारी तिने विचारले, "त्यांना किती दिवस असं दिसत होतं?" शिक्षकाने सांगितले की, शिडाच्या जहाजांना मुंबईहून येथे येण्यास कित्येक आठवडे लागत, उतारूंना बहुतेक वेळ खाली, डेकच्या पोटात काढावा लागे, आणि वाटेत कोणी मेला तर त्याला पाण्यातच सोडून देत. आईने हात जोडले. कोणाला उद्देशून ते तिने सांगितले नाही.

येथे हे सांगितले पाहिजे की या पाच आठवड्यांत शिक्षक एक गोष्ट मनात दडवून वावरत होता. त्याला व त्याच्या पत्नीला कॅनडात जाऊन स्थायिक होण्याची परवानगी मिळाली होती. मुलाच्या शिक्षणासाठी त्यांनी हा विचार केला होता. कागद सुट्टीपूर्वीच हाती आले होते. ही लांब सुट्टी त्याने आईबरोबर काढली ती तिला हे नीट समजावून सांगण्यासाठीच. परंतु दिवसामागून दिवस गेले आणि त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही. बापाच्या मागे आई त्या घरात एकटीच राहत होती. 'आई, आम्ही चाललो' हे वाक्य मनात कितीही वेळा रचले तरी उच्चारण्याचे धैर्य होत नाही, हे ज्याने अशा घरातून प्रस्थान ठेविले आहे त्याला सांगावयास नको.

दुसऱ्या रात्री आकाश निरभ्र होते. आई शाल लपेटून बसली होती. ती सहज स्वरात म्हणाली, "कागद आलेत ना तुझे?"

"कसले कागद?"

"परदेशाचे. महिना झाला, ती काळी पिशवी तू उशाशी घेऊन निजतोस. मी माझा कागद सगळ्यांना दाखवते, तू तुझा लपवतोस."

शिक्षक काही वेळ गप्प राहिला. मग त्याने सर्व सांगितले. शेवटी तो म्हणाला, "तुला एकटीला टाकून जायचं म्हणजे... म्हणून बोललो नाही, आई."

आईने यावर होय-नाही काहीच म्हटले नाही. तिने एक जुनी हकीकत सांगितली. तिच्या आजीने ती आपल्या सासूकडून ऐकली होती आणि आजवर घरातील पुरुषांना कोणी सांगितली नव्हती.

ती हकीकत कळण्यासाठी त्या काळचा नियम ठाऊक हवा. आरंभीच्या करारांत, पाच वर्षे काम केल्यावर मजुराला सरकारी खर्चाने मायदेशी परत पाठविण्याची अट असे. मॉरिशससाठी ही सवलत १८५३ मध्ये काढून घेण्यात आली. त्यानंतर जे आले त्यांना परत जाण्याची बंदी नव्हती. मात्र भाडे स्वतःच्या पदरचे भरावे लागे. मळ्यावरच्या तुटपुंज्या मजुरीतून, गैरहजेरीच्या दंडाने कापून उरलेल्या पैशांतून, ते भाडे साठविणे म्हणजे ओंजळीने तळे भरणेच. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे पाच लाख माणसे या बंदरात उतरली. त्यांपैकी साधारण एकतृतीयांश परत गेली. जी राहिली त्यांच्याविषयी 'ती येथेच रमली' असे लिहून इतिहास पुढे जातो.

"रमले नव्हते," आई म्हणाली. "पणजोबांनी भाडं साठवलं होतं. चुलीमागं गाडगं पुरलेलं. दर महिन्याला त्यात काहीतरी टाकायचे. पहिल्यांदा पुरे झालं तेव्हा तापाची साथ आली. औषधपाण्यात आणि माणसं पोचवण्यात ते गेलं. पुन्हा पहिल्यापासून साठवलं. वीस वर्षं लागली. तेवढ्यात मालकानं मळ्याची कडेची जमीन तुकडे करून विकायला काढली. पणजी म्हणाली, पोरं इथं जन्मली, त्यांना काय ठेवणार? पणजोबांनी गाडगं काढलं, पैसे मोजले आणि जमीन घेतली. त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी उठून त्याच जमिनीत खणायला गेले."

ही साथ १८६६ ते १८६८ मधली हिवतापाची असावी. तिने पोर्ट लुई ओस पाडले आणि हजारो लोकांचे बळी घेतले. जमिनीची विक्री म्हणजे १८८० च्या सुमारास वेग घेतलेले ते मोठे तुकडीकरण, ज्याला फ्रेंच भाषेत 'ग्रां मॉर्सेलमां' म्हणतात. साखरेचा धंदा अडचणीत आला तेव्हा मळेवाल्यांनी कडेच्या जमिनी लहान लहान तुकड्यांनी जुन्या मजुरांना विकल्या. मॉरिशसमधील हिंदी लोकांच्या पायांखाली स्वतःची जमीन आली ती अशी. शिक्षकाने हे विद्यार्थ्यांना अनेकदा शिकविले होते. आपले जन्मघर ज्या तुकड्यावर उभे आहे तो एका माणसाच्या परतीच्या भाड्यातून विकत घेतलेला आहे, हे मात्र त्याला त्या रात्री प्रथमच कळले.

आई पुढे म्हणाली, "तू जा. पोराचं शिक्षण आहे. पणजोबांनीही पोरांसाठीच केलं. पण मला 'बघू पुढच्या वर्षी' असं सांगत राहू नकोस. येण्याचं भाडं बाजूला ठेव. घरात काहीही अडलं, काहीही मोडावं लागलं, तरी ते मोडू नकोस. त्यांच्यानं ते राखवलं नाही. तुझ्यानं राखवेल."

यानंतर दोघे फारसे बोलले नाहीत.

पहाटे जहाजाने मॉरिशसच्या उत्तर टोकाशी असलेली बेटे गाठली. प्रथम उजव्या हाताला गोल पाठीचे 'इल रोंद' दिसले, मग फ्लॅट बेट आणि त्याला खेटून असलेले इवलेसे गॅब्रिएल. फ्लॅट बेटावरील दीपस्तंभ १८५५ चा. शिक्षकाने आईला ती बेटे बोटाने दाखविली आणि त्यांची कथा सांगितली. साथीच्या भयाने मजुरांची जहाजे येथे अडवून ठेवीत. १८५६ च्या जानेवारीत कलकत्त्याहून आलेल्या 'हैदरी' व 'फत्ते मुबारक' या जहाजांतील माणसांना पटकीच्या भीतीने गॅब्रिएलवर उतरविण्यात आले. निवारा अपुरा, अन्नपाणी अपुरे. शेकडो माणसे तेथेच मेली. पोर्ट लुईचे डोंगर त्यांना समोर दिसत होते, पण तेथवर पोहोचणे त्यांच्या नशिबी नव्हते. या प्रकारानंतर हिंदुस्थान सरकारने मॉरिशसला मजूर पाठविणे काही काळ थांबविले होते. आईचे पणजोबा यानंतर अवघ्या दोन वर्षांनी याच पाण्यातून आले.

आईने पिशवीतून मूठभर तांदूळ काढले. रॉड्रिग्जहून निघतानाच ते तिने बाजूला ठेविले असावेत. कठड्याशी उभी राहून तिने ते गॅब्रिएलच्या दिशेने पाण्यात सोडले. शेजारी उभ्या असलेल्या एका रॉड्रिग्जच्या तरुणाने काही न विचारता टोपी काढून हातात घेतली.

मग तोफेच्या पाचरीसारखे उतरते 'कोआं द मिर' मागे पडले आणि जहाज पश्चिम किनाऱ्याने दक्षिणेकडे वळले. सूर्य डोंगरांच्या मागून वर येत होता. प्रथम पीटर बोथ, ज्याच्या शिखरावर माणसाच्या डोक्यासारखा एक प्रचंड दगड तोललेला आहे. मग आंगठ्यासारखा उभा 'ल पूस'. मग सिग्नल डोंगर आणि खाली बंदराचे शहर. हे डोंगर आईने बाजाराला जाता-येता, बसच्या खिडकीतून, शेकडो वेळा पाहिले होते. समुद्राकडून ते तिने कधी पाहिले नव्हते.

"हे बघून त्यांना काय वाटलं असेल?" तिने विचारले.

"भय," शिक्षक म्हणाला. "ओळखीचं काहीच नव्हतं."

आई बराच वेळ पाहत राहिली. "आणि मला वाटलं, पोचलो बाई एकदाचं घरी," ती म्हणाली.

डोंगर तेच, बंदर तेच, उत्तरेकडून येणारी वाट तीच. एका माणसाला जे दृश्य परक्या मुलखाचे म्हणून धडकी भरविणारे वाटले, तेच त्याच्या पणतीला घराचे म्हणून दिसावे, यासाठी किती वर्षे लागली आणि काय काय वेचावे लागले याचा हिशेब कोणत्याही दप्तरात नाही. त्यातील एक रक्कम चुलीमागच्या गाडग्यात होती, एवढेच त्या सकाळी दोघांना ठाऊक होते.

बंदरावर उतरल्यावर आईने घरी जाण्यापूर्वी आप्रवासी घाटावर नेण्यास सांगितले. १८४९ मध्ये बांधलेली ही मजुरांची पेढी. अवघी १६४० चौरस मीटर जागा, आणि तिच्यातून त्या लाखो माणसांचा ओघ गेला. २००६ साली युनेस्कोने तिची जागतिक वारसास्थळांत नोंद केली. समुद्राकडून वर येणाऱ्या १६ दगडी पायऱ्या तेथे आजही आहेत, आणि दरवर्षी २ नोव्हेंबरला तेथे पुष्पांजली वाहिली जाते. त्या दिवशी सभा नव्हती, फुले नव्हती. सामान गाडीत ठेवून दोघे आत गेली. आईने खालच्या पायरीला हात लावून तो कपाळाला लावला आणि मुलाचा आधार न घेता, प्रत्येक पायरीवर थोडे थांबत, ती वर आली. वर आल्यावर धाप लागून ती बसली. तिने पिशवीतील कागद काढला, उलगडला नाही, नुसता हातात धरला. मग म्हणाली, "चल. महिनाभर तुळशीला शेजारणीनं पाणी घातलंय की नाही, कोण जाणे."

शिक्षक २०११ साली सहकुटुंब कॅनडाला गेला. तेथे पहिली वर्षे कठीण गेली. शिक्षकाची नोकरी मिळेतो त्याने गोदामात रात्रपाळी केली. त्या काळातही बँकेतील एका स्वतंत्र खात्यात दरमहा थोडी रक्कम पडत राहिली आणि दोनदा घरात अतिशय निकड निर्माण झाली तरी तिला हात लागला नाही. गणेशचतुर्थीला तो तीन वेळा घरी आला. आईने पणजोबांच्या त्या जमिनीच्या तुकड्यावरील अंगणात मखर मांडले, झाकरीवाले नाचले, आणि नातवाने आपल्या मोडक्या मराठीत आरती म्हटली.

२०१८ च्या हिवाळ्यात आई आजारी असल्याचा निरोप गेला. तो त्याच रात्री निघाला. भाडे तयार होते. विमान उतरण्यापूर्वी त्याने खिडकीतून उत्तरेची बेटे शोधली, आणि त्याच्या मनात आईचेच शब्द आले. आईचे शेवटचे नऊ दिवस तो तिच्या उशाशी होता. तो कागद तिने त्याच्या हाती दिला. आता तो कॅनडात आहे, काचेच्या चौकटीत. त्याच्या शेजारी आईने विणलेली व्हाकोआची टोपली आहे, आणि तिच्यात त्या खात्याचे पुस्तक ठेवलेले असते.

आज मॉरिशसच्या मराठी घरांतून पुन्हा माणसे दूरदेशी जात आहेत. कोणी त्यांना फसवून नेत नाही, कोणी क्रमांक देत नाही. ती स्वेच्छेने, शिकून-सवरून जातात. त्यांना अडविणे योग्य नाही आणि त्यांच्या नावाने अश्रू ढाळीत बसणेही योग्य नाही. ज्यांनी रत्नागिरीचा किनारा सोडला त्यांच्या वंशजांनी तसे करणे शोभणारही नाही. मात्र निरोपाच्या वेळी लाडवांच्या डब्याबरोबर प्रत्येक आईने त्या बाहत्तर वर्षांच्या मातेचा उपदेशही त्यांच्या पदरी बांधावा. ज्या पूर्वजांना परतीचे भाडे राखता आले नाही, त्यांनी त्या पैशांतून वंशजांसाठी परतून येण्याजोगे घर उभे केले. ते भाडे आता वंशजांनी राखावयाचे आहे.